ग्रीस घातले, पण पोचले का?
भातगिरणीच्या वंगणाची हंगामापूर्वीची तपासणी



दसऱ्याला आपण कोयते, विळे, औते धुऊन पूजेला मांडतो. ज्यांच्याकडे भात भरडायची गिरणी आहे, ते गिरणीला झेंडूची माळ घालतात, मोटारीला कुंकू लावतात, नारळ फोडतात. हे सगळे योग्यच आहे. पण त्याच दिवशी अर्धा दिवस काढून गिरणीचे वंगण तपासले, तर ऐन हंगामातला मोठा खर्च आणि मनस्ताप वाचतो. ही तपासणी कशी करायची, ते या लेखात सांगणार आहे.

मी काही इंजिनिअर नाही. शेतीची पदविका घेऊन खात्यात लागलेला माणूस. यंत्राचे जे थोडेफार कळते ते गावोगावच्या गिरणीवाल्यांकडून आणि मिस्त्रींकडून शिकलेले आहे, आणि काही एका फसगतीतून. ती फसगत आधी सांगतो.

रोज ग्रीस घालूनही बेअरिंग जळाले

पनवेल तालुक्यातल्या एका गावात महिला बचत गटाची छोटी भातगिरणी आहे. एक हलर, १० अश्वशक्तीची मोटार आणि मधला शाफ्ट, एवढाच पसारा. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात, गरवे भात घरात येत असतानाच, सकाळी सकाळी गटाच्या ताईंचा फोन आला. "साहेब, गिरणीतून जळका वास येतोय. शाफ्ट फिरत नाही."

मी गेलो तेव्हा पडवीत भाताची पोती रचलेली होती आणि गिरणी चालवणारे काका डोक्याला हात लावून बसले होते. मी पहिला प्रश्न विचारला तो सगळेच विचारतात तोच. "काका, ग्रीस घालत होता ना?"

काकांना राग आला. "साहेब, रोज घालतो. डबा बघा, अर्धा संपलाय."

डबा खरोखरच अर्धा संपला होता. बेअरिंगच्या घराभोवती ग्रीसचा जाड थरही होता, त्यावर तूस आणि कोंडा चिकटलेला. कुणीही म्हणाले असते, या बेअरिंगला ग्रीस कमी पडलेले नाही. मिस्त्रींनी बेअरिंग खोलले तेव्हा आत कोरडे ठणठणीत. गोळ्या निळ्या पडलेल्या आणि शाफ्टला खोल ओरखडे.

झाले होते असे. ग्रीस ज्या निप्पलमधून आत जाते त्याच्या मागचे भोक जुन्या, वाळून घट्ट झालेल्या ग्रीसने बुजले होते. गन दाबली की ग्रीस आत जाण्याऐवजी निप्पलच्या बाजूने बाहेर येत होते. काका ते पुसून टाकत, समाधानाने पुढच्या कामाला लागत. चूक काकांची म्हणता येणार नाही. ग्रीस घालायचे हे त्यांना सांगितलेले होते, ते पोचले का हे पाहायचे असते, हे कुणी सांगितले नव्हते. त्यात मीही आलो.

गिरणी नऊ दिवस बंद राहिली. गावातले भात टेम्पोने दुसरीकडे गेले, भाडे वर पडले आणि गटाचा त्या महिन्याचा बँकेचा हप्ता थकला.

आपल्या भागात हे जास्त का सलते

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जिथे भाताची खाचरे होती तिथे नोड, रस्ते आणि कारखाने उभे राहिले. तरीही पनवेल आणि उरण तालुक्यांत भात आहे. खाऱ्या जमिनीतही पीक यावे म्हणून पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे भाताचे वाण दिले. पण माझ्या फिरतीच्या गावांत भाताबरोबर गिरण्याही कमी झाल्या. जी एखादी उरली आहे ती बंद पडली, तर शेजारच्या गावात दुसरी असेलच असे नाही. म्हणून असलेली गिरणी जपणे भाग आहे.

त्यातच आपली गिरणी वर्षातले चार-पाच महिने कामाची आणि बाकीचे महिने उभी. पावसाळ्यात दमट, खाडीकडची खारी हवा लागते. उभ्या गिरणीच्या बेअरिंगमध्ये ओल धरते, ग्रीसमधले तेल निथळून जाते आणि मागे राहतो तो साबणासारखा घट्ट गाळ. तोच भोके बुजवतो. दुसरा शत्रू म्हणजे तूस. भाताच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा तूस असते आणि त्यात सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, भरपूर असतो. तुसाची बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळली की ग्रीस वंगणाचे काम सोडून पॉलिश पेपरचे काम करते.

वर्कशॉपातला धडा

जळालेला शाफ्ट घेऊन मी आणि ताई ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपात गेलो. नवा शाफ्ट लेथवर तासून झाला. पुली बसवण्यासाठी त्यात चावीची खाच पाडायची होती, ती मिलिंग मशीनवर. नाव आपल्या गिरणीशी जुळते, पण हे यंत्र धान्य दळत नाही, लोखंड कापते. चालवणारा तरुण त्याच पट्ट्यातल्या एका गावचा. आजोबांची भातशेती होती, म्हणाला.

त्याने लगेच मशीन सुरू केले नाही. बाजूला तेलाची एक लहान टाकी होती, तिला हातपंपाचा दांडा. त्या पंपातून बारीक नळ्या मशीनच्या प्रत्येक सरकत्या भागाकडे जातात. त्याने दांडा दोन वेळा ओढला आणि प्रत्येक स्लाइडवर बोट फिरवून पाहिले. तीन ठिकाणी बोटाला तेल लागले, चौथ्या ठिकाणी बोट कोरडे.

मग तो उलटा निघाला. आधी त्या स्लाइडजवळची नळी सोडली आणि दांडा ओढला. तेल नाही. मग एक जोड मागे गेला. तिथे तेल आले. म्हणजे दोष त्या दोहोंच्या मध्ये. मध्ये तेल मोजून सोडणारा बोटाच्या पेराएवढा एक भाग होता, तो गाळाने बंद झालेला. त्याने तो बदलला, नळीतली हवा जाईपर्यंत दांडा ओढला, पुन्हा बोट फिरवले. तेल लागले. मगच आमचा शाफ्ट वर चढवला.

मी विचारले, "टाकी तर भरलेली दिसत होती?"

तो म्हणाला, "म्हणूनच शंका आली साहेब. आठवडा झाला, टाकीतलं तेल कमीच झालं नव्हतं. तेल संपत नाही याचा अर्थ ते जात नाही."

परत येताना टेम्पोत ताई म्हणाल्या, "आपल्याकडे उलटं होतं. डबा संपत होता, पण आत काही जात नव्हतं." दोन्हींतून शिकायचे एकच. डबा, टाकी, गन यांच्याकडे पाहून काही कळत नाही. जिथे घर्षण होते तिथे वंगण आहे का, तेच पाहायचे. आपले वाडवडील बैलगाडीला वंगण घालत तेव्हा चाक काढून कण्यालाच लावत. चाकाला बाहेरून कुणी लावले नाही.

तपासणी कशी करावी

सर्वात आधी मोटारीचा मेन स्विच बंद करावा आणि फ्यूज काढून खिशात ठेवावा. इंजिन असेल तर ते पूर्ण थांबवून, कुणी हँडल मारणार नाही याची सोय करावी. मग पट्टा उतरवावा.

१) ठिकाणे मोजा. गिरणीवर वंगणाची नेमकी किती ठिकाणे आहेत, ते मोजून प्रत्येकाशेजारी रंगाने आकडा टाका. हलरची दोन बेअरिंगे, मधल्या शाफ्टची दोन, एलिव्हेटर असेल तर त्याची वरची आणि खालची. वरचे, भिंतीकडचे ठिकाण हमखास विसरले जाते.

२) गन तपासा. निप्पलला न लावता गन हवेत दाबा. ग्रीस सलग आले पाहिजे. फुसफुस आवाज येऊन तुटक आले तर आत हवा आहे. ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३) निप्पल तपासा. आधी स्वच्छ फडक्याने पुसा, नाहीतर त्यावरचे तूस तुम्हीच दाबून आत घालाल. निप्पलच्या टोकाला स्प्रिंगवर बसलेली बारीक गोळी असते. खिळ्याने दाबून सोडली की ती परत वर आली पाहिजे. मग निप्पल खोलून हातात धरा आणि गन लावून पाहा. पलीकडून ग्रीस आले नाही तर तो फेकून द्या. निप्पलची किंमत बेअरिंगपुढे काहीच नाही.

४) भोक तपासा. निप्पल काढल्यावर दिसणाऱ्या भोकात मऊ तार घालून घट्ट ग्रीस टोकरून काढा. रॉकेल किंवा डिझेलने धुतले तर लक्षात ठेवा, त्याने आतले चांगले ग्रीसही धुपते. धुतल्यावर बेअरिंग पूर्ण निथळून, नवे ग्रीस भरूनच गिरणी चालवावी. बेअरिंग नुकतेच बदलले असेल तर त्याच्या बाहेरच्या कड्याचे भोक आणि घराचे भोक जुळते का, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. जुळले नाही तर कितीही गन मारा, ग्रीस आत जाणार नाही.

५) पोचले का पाहा. एकाने शाफ्ट हाताने हळूहळू फिरवावा, दुसऱ्याने गन दाबावी. बेअरिंगच्या सीलच्या कडेने जुने काळे ग्रीस किंचित बाहेर येऊ लागले की समजावे, ग्रीस पोचले. तिथेच थांबावे. निप्पलच्या बाजूने आलेले ग्रीस हा पुरावा नव्हे.

जुन्या हलरला बेअरिंगऐवजी बुश आणि पिळायचा ग्रीस कप असतो. तिथे रोज कपाचे झाकण थोडे पिळावे. पिळताना हाताला दाब लागला नाही तर कप रिकामा आहे. दाब लागतो पण झाकण हलतच नाही, तर वाट बुजली आहे. वातीचा तेलाचा कप असेल तर पातळी रोज थोडी खाली गेली पाहिजे. आठवडाभर तेल तेवढेच असेल तर बचत झाली म्हणून आनंद मानू नका. वात बदला.

आणि एक सूचना. बेअरिंगच्या नंबरापुढे झेडझेड किंवा टूआरएस असे लिहिलेले असेल तर ते दोन्ही बाजूंनी बंद असते आणि त्यात कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. लहान मोटारींत बहुधा असेच असते. ते खराब झाले की बदलायचे.

लक्षणांवरून रोग ओळखा

बेअरिंग गरम लागते: गिरणी थांबवून, सर्व फिरते भाग स्थिर झाल्यावर लगेच घरावर तळहात ठेवा. पाच मोजेपर्यंत हात टिकला तर बहुधा ठीक. टिकला नाही तर उष्णता जास्त आहे. वंगण कमी असू शकते, पण जास्तही असू शकते. घर ग्रीसने गच्च भरले की ते आतल्या आत घुसळले जाऊन तापते. घराची पोकळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी भरलेली असावी. लहान बेअरिंगला गनचे दोन-चार दाब पुरतात.

फक्त पुलीकडचे बेअरिंग तापते: आधी पट्टा पाहा. पट्टा फार ताणलेला असेल किंवा दोन पुल्या एका रेषेत नसतील, तर ग्रीस कितीही चांगले असो, ते बेअरिंग तापणारच.

घरघर किंवा कटकट आवाज: ग्रीस भरल्यावर आवाज थांबला आणि थांबलेलाच राहिला तर ठीक. तासाभराने परत आला तर बेअरिंग झिजले आहे. ते हंगामाच्या मध्यावर दगा देणार, आधीच बदला.

ग्रीस दुधाळ दिसते: पाणी शिरले आहे. छपराची गळती आणि सील दोन्ही पाहा. ग्रीस पातळ होऊन गळते: दोन वेगळ्या जातींची ग्रीसे मिसळली असावीत.

इंजिनावर गिरणी चालत असेल तर इंजिन सपाट जागी, बंद करून काही मिनिटांनी तेलाची पट्टी पाहावी. डिझेल इंजिनाचे तेल काळे पडते, त्याला घाबरू नये. पण तेल दुधाळ झाले तर पाणी शिरले आणि पातळी आपोआप वाढून डिझेलचा वास आला तर डिझेल उतरते आहे. दोन्ही वेळी इंजिन चालवू नये. तेल किती तासांनी बदलायचे ते इंजिनाच्या पुस्तकात असते. त्यासाठी तासांची नोंद ठेवावी लागते, नुसत्या महिन्यांवर जाऊ नये.

काय घालावे, काय घालू नये

बाजारात ग्रीस सुटे मिळते आणि आपण रंग पाहून घेतो. रंगावरून जात कळत नाही. डब्यावर वाचा. साधे कॅल्शियमचे ग्रीस पाण्याला टिकते, पण १०० अंशांच्या आतच वितळते. फिरत्या बेअरिंगसाठी लिथियमचे, दोन नंबरचे ग्रीस बहुतेक ठिकाणी चालते. एकदा जात ठरली की तीच ठेवा. बदलायचीच असेल तर जुने पूर्ण काढून टाका.

घरात आहे म्हणून खोबरेल किंवा गोडेतेल घालू नये. सुरुवातीला यंत्र हलके फिरते, पण काही दिवसांत ते तेल गोंदासारखे चिकट होते. इंजिनातून काढलेले काळे तेल तर मुळीच घालू नये. त्यात लोखंडाचा कीस आणि काजळी असते. ते विहिरीजवळ, ओढ्यात किंवा खाडीतही ओतू नका. कॅनमध्ये साठवून परवानाधारक खरेदीदाराला द्या.

आपण भरडतो ते तांदूळ लोकांच्या ताटात जातात, कोंडा गुरांच्या आंबोणात जातो. तांदूळ पडतो त्या जागेच्या वर एखादे बेअरिंग असेल तर तिथे जादा ग्रीस राहू देऊ नका, खाली पत्र्याची पन्हळ लावा. अशा ठिकाणासाठी खाद्ययंत्रांचे एच-१ प्रकारचे ग्रीस मिळते. महाग असते, पण एका-दोन ठिकाणांनाच लागते.

चालत्या यंत्राला हात नको

हे वेगळे लिहितो, कारण इथे नुकसान पैशाचे नसते. चालू गिरणीला ग्रीस घालू नका. "एवढंच तर घालायचंय, बंद कशाला करायची," असे म्हणून हात पुढे जातो आणि बाही पट्ट्यात अडकते. बहिणींनी पदर खोचावा, केस बांधावेत, ओढणी बाजूला ठेवावी. पट्ट्याला जाळी हवीच. तापलेल्या बेअरिंगवर साचलेले तूस धुमसते आणि रात्री कुलूप लावून गेल्यावर पेट घेऊ शकते. म्हणून गिरणी बंद केली की बेअरिंगे झाडून, हात लावून पाहूनच दार लावावे.

ग्रामपंचायत, सोसायटी आणि बचत गटांसाठी

गिरणी सामाईक असली की वंगण हे कुणाचेच काम नसते. म्हणून पदाधिकाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना तीन गोष्टी सुचवतो.

एक, गिरणीत वही ठेवा. तारीख, गिरणी किती तास चालली, कोणत्या आकड्याच्या ठिकाणी ग्रीस घातले, जुने ग्रीस बाहेर आले का आणि कोणी घातले, एवढे पाच रकाने पुरतात. हंगामात रोज आठ तास गिरणी चालत असेल तर बेअरिंगांना आठवड्यातून एकदा ग्रीस द्यावे. यंत्राच्या पुस्तकात वेगळे लिहिले असेल तर पुस्तक प्रमाण मानावे.

दोन, गिरणीसाठी खर्च मंजूर करताना यंत्राबरोबर एक चांगली गन, निप्पल आणि एक जादा बेअरिंग यांचीही तरतूद करा. अनुदानातून यंत्र आणले आणि पन्नास रुपयांच्या वस्तूसाठी अडून बसले, असे होऊ नये.

तीन, चालवणारा बदलला की जुन्याने नव्याला एक दिवस शेजारी उभे राहून प्रत्येक ठिकाण दाखवावे. तालुक्याच्या आयटीआयमधली मुले आणि शिक्षक यांना हंगामापूर्वी एकदा बोलावले तर त्यांनाही सराव होतो आणि गावाचेही काम होते.

त्या बचत गटाच्या गिरणीत आता भिंतीवर खडूने सहा आकडे लिहिलेले आहेत. काका ग्रीस घातल्यावर बोट फिरवून पाहतात आणि मगच आकड्यापुढे रेघ मारतात. गेल्या हंगामात मी गेलो तेव्हा चार नंबरपुढे रेघ नव्हती. विचारले तर म्हणाले, "पोचत नाहीये साहेब. निप्पल आणायला पोरगा पनवेलला गेलाय." गिरणी तासभर थांबली होती. पोती कुठे गेली नाहीत.

आपली गिरणीही एकदा अशी पाहून घ्या. अडचण आली तर गावच्या मिस्त्रीला विचारा किंवा आमच्या खात्याच्या माणसाला हाक मारा. तांदूळ घरात येऊ द्या, मग हंगाम आनंदाने साजरा करू.